४ मिनिटं १० सेकंद : जुन्या घरगुती संगणकावरच्या कामाच्या नोंदी

२० सप्टेंबर २०२५, शनिवार

बटण दाबलं, घड्याळ लावलं. ब्राउझरचं पहिलं पान उघडून त्यात टाईप करता येईपर्यंत ४ मिनिटं १० सेकंद लागली. हा आमचा आकडा. इथून पुढे जे काही करेन ते या आकड्याशी ताडून पाहायचं, अंदाजाने ‘हलका वाटतोय’ असं लिहायचं नाही. वाटण्याचं काय, नुसता पडदा पुसला तरी संगणक हलका वाटतो.

यंत्र २०१४ सालचं. प्रोसेसर इंटेल कोअर आय३-४१३० (२ कोअर, ४ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्‌झ), एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. मॉनिटर १३६६ बाय ७६८. वापरणारी माणसं तीन: बाबा (हिशेब, पत्रं, बातम्या), भाची (अभ्यास, व्हिडिओ) आणि मी (उरलेलं सगळं).

बजेट नव्या संगणकाच्या किमतीच्या पाचव्या भागाएवढं. भाव दर महिन्याला हलतात, म्हणून वहीत रकमा लिहीत नाही. सगळं बजेट १०० गुण धरलंय आणि प्रत्येक खर्च त्यातून वजा करणार आहे. आजचा खर्च ०.

भाचीची मागणी आल्या आल्या समोर ठेवली गेली: ‘मावशी, ग्राफिक्स कार्ड टाकू या ना.’ नोंद घेतली. फक्त नोंद.

२१ सप्टेंबर, रविवार

आज एकही स्क्रू काढला नाही. टास्क मॅनेजर उघडून नुसती बघत बसले.

संगणक कण्हत असतो तेव्हा प्रोसेसर १२ ते १८ टक्क्यांवर आरामात पडलेला असतो. डिस्क मात्र १०० टक्के, आणि सरासरी प्रतिसादवेळ ८०० मिलिसेकंदांच्या वर. मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ (चालू कार्यक्रमांनी मागितलेली एकूण मेमरी) ५.९ जीबी. रॅम ४ जीबी. म्हणजे जे मावत नाही ते सतत डिस्कवर नेऊन ठेवायचं, परत आणायचं, आणि डिस्क तर आधीच गळ्यापर्यंत बुडालेली. एका दुखण्याने दुसरं वाढवलेलं.

फिरती डिस्क इतकी मागे का पडते त्याचा हिशेब कागदावर मांडला. ७२०० फेरे मिनिटाला म्हणजे १२० फेरे सेकंदाला, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.२ मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य पट्ट्यावर सरकवायला साधारण ९. दोन्ही मिळून १३ मिलिसेकंद, फक्त एक तुकडा शोधायला. संगणक सुरू होताना इकडेतिकडे विखुरलेले ४,००० तुकडे वाचायचे झाले तर ५२ सेकंद नुसत्या शोधाशोधीत जातात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नाही. एका शोधाला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे तेच काम अर्ध्या सेकंदात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा बसवला तरी या ५२ सेकंदांना धक्का लागणार नाही. ग्राफिक्स कार्डाने तर नाहीच.

मग डिस्कची प्रकृती पाहिली. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. चालू तास २३,९१२. अखंड धरले तर जवळजवळ १,००० दिवस. ते चालेल. पण क्रमांक ५ (बदली दिलेले सेक्टर) ८, आणि क्रमांक १९७ (वाचता न येणारे, निकाल न लागलेले सेक्टर) २४. या दोन ओळी शून्य असाव्यात. बाकी तीसेक ओळींकडे बघून घाबरण्यात अर्थ नाही, त्यातले बरेच आकडे कंपनीगणिक वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात.

थोडक्यात, वेग वाढवण्याचा प्रकल्प आजपुरता थांबला. आधी घरातले फोटो बाहेर काढणं.

२२ ते २५ सप्टेंबर

जवळ १ टीबीची बाहेरची डिस्क होतीच. मरणाच्या वाटेवरच्या डिस्कवरून सगळं एकदम ओढायचं नसतं. सर्वात मौल्यवान ते आधी. बाबांचे हिशेब आणि पत्रं पहिल्या संध्याकाळी निघाली, मग फोटो. फोटोंच्या एका फोल्डरवर कॉपी अडकली आणि डिस्कमधून टिक-टिक यायला लागली. तिथेच थांबवलं. पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं म्हणजे खराब जागेवर डोकं घासत राहणं.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी प्रणाली) चालू करून डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून माल काढणारा कार्यक्रम लावला. त्याची पद्धत मला फार आवडते. अडलेल्या जागी हट्ट न धरता पुढे जातो, सोपं सगळं आधी उचलतो आणि सुटलेल्या जागांची यादी करून शेवटी त्यांच्याकडे परततो. परीक्षेत अवघड प्रश्न सोडून पुढे जावं तसं. मध्ये वीज गेली तरी नकाशाच्या फाइलमुळे जिथे थांबला तिथून सुरू. रात्रभर चालला. शेवटी तीन फोटो गेले ते गेलेच. तीनही आमच्या जुन्या मांजराचे आणि तिन्ही हललेले होते, त्यामुळे शोक आटोपशीर.

खर्च ०.

२७ सप्टेंबर, शनिवार

कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची लोकरीसारखी घट्ट गादी. तिच्या अकरा वर्षांत आम्ही कुणी तिला भेटायला गेलो नव्हतो.

काढण्याआधी मोजमाप: पूर्ण भार दिल्यावर दोन मिनिटांत ९९ अंश सेल्सिअस. शंभरीच्या आसपास प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःची गती उतरवतो. आमचा ३.४ वरून २.५ गिगाहर्ट्‌झपर्यंत घसरत होता. म्हणजे घेतलेल्या वेगातला पाव भाग धूळ खात होती, अक्षरशः.

साफसफाईत दोन पथ्यं. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची; भन्नाट फिरवली तर बेअरिंग जातं. आणि घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाला लावायची नाही, तिच्यावर स्थिर वीज साठते. मऊ ब्रश आणि हवेचा फुगा पुरला.

जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. स्पिरिटने पुसली, नवी लावली, नखाच्या टोकावर मावेल इतकीच. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक खाचांतली हवा घालवणं एवढंच. जास्त थापली तर तीच मध्ये गादी होऊन बसते.

मग कूलर बसवला, संगणक सुरू केला, बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी जागा होणारा, बोर्डातलाच छोटा कार्यक्रम) तापमान पाहिलं: ७०, ७८, ८५, ९१... काही काम नसताना! घाईने बंद. मला वाटलं पेस्ट चुकली. पुसून पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कूलर हलवून पाहिला तर एक कोपरा डुगडुगत होता. इंटेलच्या या कूलरला चार कोपऱ्यांत चार खटके असतात. त्यातला एक ‘टक’ न करताच बसल्यासारखा दिसत होता. समोरासमोरचे दोन-दोन दाबले, चारही वाजले. भाराखाली आता ६२ अंश, गती ३.४ वर ठाम.

दोनदा वाया घालवलेली पेस्ट धरून खर्च ३. उरले ९७.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळीच बाबांची हाक: ‘तू काल काय केलंस? एकही साइट उघडत नाहीये.’

प्रत्येक पानावर ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’. नेट चालू, राउटर ठीक. कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं: जानेवारी २०१३. साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असतं. आमच्या संगणकाच्या मते ती तारीख अजून उजाडलीच नव्हती, म्हणून त्याने सगळं जग खोटं ठरवलं.

कारण बोर्डावरचा बटणसेल, सीआर२०३२. हा ३ व्होल्टचा असतो, मीटरवर २.१ दाखवत होता. इतके महिने कळलं नाही, कारण वायर भिंतीत खोचलेली असली की घड्याळ तिथल्या विजेवर चालतं. काल मी वायर काढली आणि सेलचं बिंग फुटलं. नवा घातला, तारीख लावली, बायोसच्या सेटिंग पुन्हा तपासल्या. साटाचा (डिस्क बोर्डाला ज्या जोडणीने लागते तिचा) मोड एएचसीआय आहे ना, हे आवर्जून.

खर्च १. उरले ९६. बाबांच्या मते आज मी ‘इंटरनेट दुरुस्त’ केलं. बरं.

दुपारी फुकटातले उपाय. सुरुवातीला आपोआप उठणारे १७ कार्यक्रम होते. त्यातले १३ बंद. दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या पाठीवर बसले होते, एक काढला. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलं. ४ मिनिटं १० वरून ३ मिनिटं २२. ‘रजिस्ट्री साफ करा’, ‘रॅम वाढवा’ म्हणणारी सॉफ्टवेअरं सापडली, तीही काढली. रॅम सॉफ्टवेअरने वाढत नसते. तसली बहुतेक सॉफ्टवेअरं मेमरीतला माल डिस्कवर ढकलतात आणि मोकळी मेमरी दाखवून शाबासकी घेतात. दोन मिनिटांनी तोच माल परत आणायची वेळ आली की ताटकळतो आपण.

४ ऑक्टोबर, शनिवार

खरेदीआधी विंडोजचा निर्णय. विंडोज १० ला सुरक्षा अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबरला संपतेय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. आमचा प्रोसेसर चौथ्या पिढीतला. अट चुकवून बसवायच्या युक्त्या आहेत, पण पुढचा प्रत्येक मोठा अपडेट ‘चालेल की नाही’ या टांगत्या तलवारीखाली घ्यायचा, आणि बिघडलं की हाक मलाच. मायक्रोसॉफ्टची एका वर्षाची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. वर्षभराने हाच प्रश्न परत.

लिनक्सचा मिंट हा प्रकार, २२.२, त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती ठरवली. तळाशी उबुंटू २४.०४ हे दुसरं लिनक्स आहे, त्यामुळे २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट. याहून हलक्या आवृत्त्या मिळतात, पण मेन्यू बाबांना ओळखीचा वाटायला हवा. शंभर-दोनशे एमबी वाचवून रोज तीन हाका ओढवून घेणं मला परवडणारं नाही.

एसएसडी: बोर्डावर एनव्हीएमईची (एसएसडी थेट बोर्डात खोचायची) खाचच नाही, म्हणून २.५ इंची साटा. २४० की ४८०? आमचा एकूण ऐवज १९० जीबी, आणि एसएसडी काठोकाठ भरली की लिहायला मंदावते, म्हणून ४८०. (विंडोजमध्ये ती ४४७ दिसली असती. फसवणूक नाही. कंपनी १,००० च्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.)

रॅम: बोर्डावर दोनच खाचा, कमाल १६ जीबी. असलेली ४ ची पट्टी ठेवून ८ ची एक जुनी पट्टी घ्यायची. डीडीआर३ आता नवी घेण्यात मजा नाही. ४ आणि ८ अशी विषम जोडी चालते: इंटेलचा मेमरी कंट्रोलर दोन्हीकडचे ४-४ जोडून दुहेरी चॅनलमध्ये वापरतो आणि वरचे ४ एकेरी. डीडीआर४ ची पट्टी भाव पाहून उचलू नये. तिची कड आणि खाच दोन्ही वेगळी, या बोर्डात ती बसतच नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

रॅम आली. लावली, संगणकाने १२ जीबी दाखवली, घरात आनंद. मी मात्र रॅमची परीक्षा घेणारं मेमटेस्ट८६+ लावून ठेवलं, कारण जुनी रॅम म्हणजे न पाहिलेलं स्थळ.

३७ व्या मिनिटाला पडद्यावर लाल ओळी. एक, मग चाळीस.

पण दोष कोणाचा? पट्टीचा, खाचेचा, की जोडीचा? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. विकत आणलेली पट्टी एकटी पहिल्या खाचेत: चुका. तीच दुसऱ्या खाचेत: चुका. घरची जुनी पट्टी दोन्ही खाचांत आळीपाळीने: स्वच्छ. पट्टीचे संपर्क खोडरबरने घासून पुन्हा एकदा: चुकाच, त्याच पत्त्यांच्या आसपास. पाच तास गेले, पण विक्रेत्यापुढे पडद्याचे फोटो ठेवता आले आणि त्याने मुकाट्याने पट्टी बदलून दिली. ‘आमच्याकडे तर चालत होती’ म्हणाला, आणि ते खोटं नसेलही. असली पट्टी चालते. महिन्यातून दोनदा एखादी फाइल नासवते, अधूनमधून संगणक गोठवते, आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो.

बदली पट्टीवर रात्रभर चाचणी. चार फेऱ्या, शून्य चुका. खर्च १७. उरले ७९.

नुसत्या रॅमने, जुनीच डिस्क असताना: २ मिनिटं ५४ सेकंद. पण खरा फरक नंतर. आठ टॅब उघडल्यावर संगणक आता श्वास घेतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

एसएसडी बसवली. हाताला वजनही लागत नाही तिचं; स्क्रूचा कंस नव्हता म्हणून कॅबिनेटच्या तळाशी दुपदरी टेपने चिकटवली. फिरणारं काही नसल्याने आडवी, उभी, उलटी, कशीही चालते. खर्च ३६. उरले ४३.

मिंट बसवायला २० मिनिटं. मग घड्याळ: ४१ सेकंद.

दोनदा मोजलं. बाबांना बोलावून तिसऱ्यांदा मोजलं. ते म्हणाले, ‘हे आधी का नाही केलंस?’ या प्रश्नाला उत्तर नाही.

वाचनाचा वेग तपासला तर सेकंदाला २७२ एमबी. एवढ्या डिस्कने ५०० च्या वर जायला हवं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत पाहिलं: जोडणी ३.० गिगाबिट. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, दोन ६ गिगाबिटचे, दोन ३ चे, आणि मी जुन्या डिस्कच्या शेजारचं रिकामं पोर्ट डोळे झाकून वापरलं होतं. साटात दर ८ बिटांमागे १० पाठवावे लागतात, म्हणून ३ गिगाबिटची मर्यादा ३०० एमबी. रंगावर भरवसा ठेवू नये, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. बोर्डावर छापलेलं बारीक अक्षर वाचावं. केबल हलवली: ५२८.

आणि सुरू व्हायचा वेळ? ४० सेकंद. वेग जवळजवळ दुप्पट, फायदा एका सेकंदाचा. सुरू होताना लागतात ते बारीक विखुरलेले तुकडे, सलग मोठं वाचन नव्हे. आणि त्या बाबतीत एसएसडी ३ गिगाबिटच्या पोर्टातही जिंकलेलीच होती. त्यामुळे ज्यांच्या संगणकात जुनंच साटा आहे, त्यांनी ‘पूर्ण वेग मिळणार नाही’ म्हणून एसएसडी टाळू नये. खोक्यावरचा मोठा आकडा घरच्या वापरात क्वचितच कामाला येतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज २ मिनिटं १० सेकंद!

काल रात्री जुनी डिस्क जोडून काही राहिलं का ते पाहत होते. ती रोज आपोआप जोडली जावी म्हणून एफस्टॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) ओळ लिहिली. झोपण्याआधी ‘ही डिस्क नकोच’ म्हणून काढून ठेवली. ओळ तशीच. सकाळी मिंट बिचारं नसलेल्या डिस्कची वाट पाहत दीड मिनिट उभं. ओळ पुसली, परत ४० सेकंद. बाहेरच्या डिस्कसाठी अशी ओळ लिहायचीच असेल तर तिच्यात ‘नोफेल’ हा शब्द घालावा, म्हणजे डिस्क नसली तरी गाडी पुढे निघते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० ची मुदत आज संपली. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

बाबांच्या लक्षात दुसरंच आलं: हिशेबाच्या फाइलमधलं एक बटण चालत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये (मिंटवरचा ऑफिसचा फुकट पर्याय) त्यांची सूत्रं सगळी नीट उघडली, पण एक्सेलची मॅक्रो, म्हणजे बटणामागचे छोटे कार्यक्रम, अर्धीमुर्धीच चालतात. मॅक्रो वाचला. २०१६ साली मीच लिहिलेला, आणि त्यात काय तर नव्या ओळीला अनुक्रमांक देणं आणि महिन्याची बेरीज खाली उतरवणं. अनुक्रमांक एका साध्या सूत्राने येतो, बेरीज ‘सम-इफ’ने. बटण गेलं. बाबा दहा मिनिटं रागावलेले होते. त्यांना बटण दाबायला आवडायचं.

त्याच बैठकीत त्यांनी विचारलं की १२ जीबी असून ‘मोकळी’ फक्त ८०० एमबी का. लिनक्स रिकाम्या मेमरीत नुकत्याच वाचलेल्या फाइल साठवून ठेवतं आणि कुणी मागितली की लगेच रिकामी करून देतं. म्हणून ‘फ्री’चा रकाना सोडून ‘अव्हेलेबल’चा बघायचा, तिथे ९ जीबीच्या वर होतं. ‘म्हणजे पाहुणे येईपर्यंत खाटेवर कपडे ठेवायचे,’ बाबा म्हणाले. हो, तेच.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाचीची तक्रार रास्त निघाली. यूट्यूबवर १०८० चा व्हिडिओ अडखळतो, पंखा ओरडतो, प्रोसेसर ९० टक्के. ‘बघ मावशी, कार्ड लागणारच होतं.’

व्हिडिओवर उजवं बटण दाबून तांत्रिक माहिती उघडली. कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) व्हीपी९. इथेच गोम आहे. व्हिडिओ उलगडायचं काम चिपमध्ये त्यासाठीच असलेल्या भागाकडे गेलं तर प्रोसेसर निवांत. नाहीतर सगळं त्यालाच हाताने करावं लागतं. या पिढीच्या इंटेलमध्ये एच.२६४ साठी तसा भाग आहे, व्हीपी९ किंवा एव्ही१ साठी नाही. साइट मात्र आपल्या सोयीने नवा कोडेक पाठवते, कारण तो कमी डेटात भागतो.

उपाय तीन, तिन्ही फुकट. ब्राउझरमध्ये एच.२६४ च मागणारं एक्स्टेंशन टाकलं. इंटेलचा जुना ‘आय९६५’ व्हिडिओ ड्रायव्हर बसवला (नवा ड्रायव्हर पाचव्या पिढीपासून पुढचंच ओळखतो, हे शोधण्यात अर्धी दुपार गेली). ९० वरून प्रोसेसर २५ टक्क्यांवर.

तिसरा उपाय मला आधी सुचायला हवा होता. मॉनिटरला ओळी ७६८. त्यावर १०८० ओळींचा व्हिडिओ मागवायचा, प्रोसेसरला घाम फोडून उलगडायचा आणि मग आकसून ७६८ मध्ये कोंबायचा! ७२० वर ठेवला. शेजारी उभं राहून फरक दाखव म्हटलं, तिला दाखवता आला नाही.

कार्डाचा विषय तरी वहीत नीट बंद करावा म्हणून: चांगलं कार्ड चालवायला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलावा लागला असता, कारण आताचा अकरा वर्षांचा, बिनकंपनीचा आणि जास्तीच्या वीजवायरीविना आहे. एसएमपीएसवर कधी काटकसर करायची नाही. तो जाताना एकटा जात नाही. कार्ड आणि एसएमपीएस मिळून १०० गुणही पुरले नसते, आणि ४ मिनिटं १० सेकंदांतला एकही सेकंद कमी झाला नसता. याच सॉकेटमधला जुना आय७-४७७० (४ कोअर, ८ थ्रेड) बसू शकतो, तो विचार शिल्लक आहे. पण ८४ वॉटचा आहे, आताचा ५४ चा, आणि आठवडाभर प्रोसेसरचा आलेख बघितला तर तो बहुतेक वेळ झोपलेलाच. भाची खरोखर व्हिडिओ कापायला बसली तर बघू.

२ नोव्हेंबर, रविवार

उरलेल्या ४३ मधले ३२ बॅकअपसाठी दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर. घरात कुणालाच ही खरेदी खरेदी वाटली नाही. मला सर्वात पटलेली हीच.

आता प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती: संगणकात, पहिल्या डिस्कवर, आणि दुसऱ्या डिस्कवर, जी ताईकडे राहते. मिंटचं टाइमशिफ्ट (सिस्टम आधीच्या दिवसावर परत नेणारी सोय) चालू केलं, पण ते फक्त सिस्टम जपतं. घरचे फोटो-कागद मुळात त्यात घेतच नाही. बाबांना बॅकअपचा अर्थ ‘टाइमशिफ्ट हिरवं दिसतंय’ असा वाटत होता. वैयक्तिक फाइलींसाठी दर रविवारी आरसिंक, बदललेल्या फाइल दुसरीकडे उतरवणारा कार्यक्रम.

मग हिशेबाची एक प्रत मुद्दाम पुसली आणि डिस्कवरून परत आणली. पहिल्यांदा जमलं नाही: मी एक फोल्डर वरचं निवडलं होतं, बॅकअपच्या यादीत हिशेब नव्हतेच. आज कळलं, ते बरं झालं.

जुनी फिरती डिस्क शून्यांनी भरून घेतली. भरण्याआधी पाहिलं, वाचता न येणारे सेक्टर ३१ झाले होते. योग्य वेळी सुटलो.

९ नोव्हेंबर, रविवार

शेजाऱ्यांकडून वॉटमीटर आणला. काही न करता ३१ वॉट, पूर्ण भारावर ६३, झोपेत २. मॉनिटर एकटा २२. दिवसाला सहा तास चालू धरले तर दोन्ही मिळून साधारण ०.३२ युनिट. पडदा ५ मिनिटांनी आणि संगणक २० मिनिटांनी झोपेल असं लावलं. मॉनिटरची चमक ९० वरून ५५ केली तर २२ चे १५ झाले, आणि डोळ्यांनाही बरं.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेवटची मोजणी: ३८ सेकंद. दोन सेकंद कुठून सुटले माहीत नाही, बहुधा बायोसमधला लोगो बंद केला ते.

ही खुशखबर सांगायला गेले तर बाबा म्हणाले, ‘सुरू कशाला करायचा? मी बंदच करत नाही आता.’ काम झालं की झोपवतात, कळ दाबली की ३ सेकंदांत उठतो. घरात तो आकडा आता फक्त मीच बघते.

उरले ११ गुण. भाचीला माऊस हवाय, आवाज न करणारा.